अण्णांची माती होईना

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेतात पुरून दोन वर्षं झाली, तरी ते तसेच बसलेले आहेत. आमच्यात माणसाला बसवूनच पुरतात, त्यामुळे बसण्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार कुजण्याबद्दल आहे. वरची माती वाऱ्याने गेली आणि अण्णा कमरेपर्यंत उघडे पडले, कपाळावरच्या विभूतीसकट.

चूक म्हणाल तर आईच्या मायेची. अण्णांना मुंग्या-वाळवी लागू नये म्हणून ती दर सोमवारी समाधीभोवती औषध ओतायची. ते सगळ्या रानात झिरपलं. पाल्याचं खत करून पिकाला भरवणारे मातीतले बारीक जीव मेले. आता आमच्याकडे काहीच कुजत नाही. गेल्या सालचा पाला, आंब्याच्या साली, मेलेला होला पक्षी, सगळं ताजंतवानं. ढीग दाराला टेकलाय. ज्वारी मात्र वितीएवढी होऊन थांबते.

आई खूश होती. दुपारी भाकरी घेऊन अण्णांपाशी बसायची. मला तिचा राग यायचा, आणि रागाची लाजही वाटायची.

"मल्लू, हिला सांग की," एका दुपारी अण्णा तिच्यासमोरच म्हणाले. "बसून बसून वैताग आलाय. मला माती होऊ दे."

"ती ऐकत नाही."

"पेरणी कधी?"

"आजच. ओल उडून चाललीय."

"आणि पेरणार कशात?" अण्णांनी आईकडे बघत विचारलं.

आई भाकरी खाली ठेवून उठली आणि घरी गेली. ढिगाने दार अडवलं होतं, म्हणून खिडकीतून आत शिरली आणि बेलाच्या कुंडीतली मूठभर माती घेऊन आली. त्या कुंडीत तिने कधी औषध घातलं नव्हतं. मातीत तिने गुळाचा खडा चुरला.

"लावू का विरजण?" तिने अण्णांना विचारलं.

"लाव."

तिने माती त्यांच्या मांडीवर ठेवली. रान कोमट झालं. अण्णा मांडीपासून काळे, भुसभुशीत होत गेले. घराकडचा ढीग हळूहळू खाली बसला. मला रडू आलं, पण मी पेरणीच्या पाभरीला बैल जुंपले.

पाभरीचं तास अण्णांपर्यंत आलं तेव्हा त्यांचा एक हात तेवढा उरला होता. आई तो धरून बसली होती.

"आई, ऊठ. बी सोडायला ये, चाड्यावर मूठ धर."

"तूच धर आता," ती म्हणाली. "मला इथं बरं वाटतंय."

तिचे पाय घोट्यापर्यंत काळे झाले होते. ओल उडून चालली होती. मी चाड्यावर मूठ धरली आणि बैल थांबवले नाहीत.