नऊची फेरी

आमच्या इमारतीत एक नियम आहे. रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येकानं आपल्या दाराच्या मुठीला बाहेरून एक हिरवं कार्ड अडकवायचं आणि सकाळी उठल्यावर ते आत घ्यायचं. कार्ड आत गेलं म्हणजे माणूस उठला, हिंडता-फिरता आहे. बरोबर नऊ वाजता मजल्यावरच्या एकानं फेरी मारायची. कुणाच्या दाराला कार्ड अजून लटकत असेल तर दार वाजवायचं, ओ आली नाही तर वॉचमनकडून किल्ली आणवायची, आणि मग रजिस्टरमध्ये सही करायची. ही फेरी आठवड्याआठवड्यानं पाळीपाळीनं येते. इथे नर्स नाही, आया नाही. साठीच्या पुढचे, बेताच्या मिळकतीचे आणि एकट्यानं राहू शकणारे लोक, एवढीच अट. एकट्यानं राहू शकणारे, यातलं ‘एकट्यानं’ ऑफिसवाले फार जोरात म्हणतात.

जागा म्हणाल तर सोन्यासारखी. शहराच्या अगदी मध्यावर. खिडकीतून घड्याळाचा मनोरा दिसतो, खाली उतरलं की बसस्टॉप, बँक, वाचनालय, भाजीबाजार. एक खोली, ओट्यापुरतं स्वयंपाकघर, न्हाणीघर. भाडं इतकं कमी की ऐकणाऱ्याला वाटावं, काहीतरी गोम आहे. गोम एवढीच, की खालच्या दर्शनी भिंतीवर वीतभर उंचीच्या अक्षरांत ‘अल्प उत्पन्न ज्येष्ठ नागरिक निवास’ असं लिहिलंय. त्या पाटीखालून मी चार वर्षं जाते-येते आणि चार वर्षं मान वर केलेली नाही.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. एकतीस वर्षं कानाला हेडफोन. खरखरीतून, तुटक्या लाइनीतून माणसाचा आवाज वेगळा काढायचा, हे माझं काम. इमारतीत मला सगळे ‘हॅलोबाई’ म्हणतात. माझ्या कानांचं कौतुक मीच जास्त करत असे, हेही सांगून टाकते.

यजमानांच्या आजारपणात घर गेलं. लेकीचं लग्न त्याआधी झालं होतं, म्हणून तिच्या सासरी कुणाला पत्ता लागला नाही. विहीणबाईंनी एकदा फोनवर विचारलं, ‘हल्ली कुठे असता?’ तर माझ्या तोंडून निघून गेलं, ‘गावात अगदी मधोमध छोटासा फ्लॅट विकत घेतला.’ लेक नंतर म्हणाली, ‘आई, काय गरज होती?’ गरज काहीच नव्हती. पण बोललेलं परत गिळता येत नाही, त्यामुळे चार वर्षं मी ते निस्तरत होते.

आणि मग विहीणबाईंचा फोन आला. मंगळवारी दुपारच्या गाडीनं त्या पुढे कुठेतरी जाणार होत्या. सकाळी साडेआठला माझ्याकडे चहाला येणार, घर बघणार.

माझी झोप उडाली. त्यांना सांगितलं, ‘पुढचा रस्ता खोदलाय, तुम्ही मागच्या गेटनं या.’ न्हाणीघरात म्हाताऱ्यांना धरायला स्टीलचा दांडा बसवलेला आहे, त्यावर मोठा टॉवेल टाकला. लग्नाकार्याला घालायच्या टाचांच्या चपला बाहेर काढून पायात घातल्या. आणि योग असा की त्या आठवड्याची फेरी माझीच होती. नऊ वाजता पाहुण्यांना बसवून रजिस्टर घेऊन मजलाभर कशी हिंडणार? म्हणून मी सव्वाआठलाच फेरी उरकायला निघाले.

सगळी कार्डं आत गेली होती. राहिलं होतं एकच, माझ्या शेजारच्या दाराचं. शेजारी मास्तर राहतात. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हे, शिंप्याच्या दुकानातले. सत्त्याहत्तर वर्षांचे, पण अजून इमारतीतल्यांचे कपडे उसवून, आवळून देतात. बोटात पितळी अंगुस्तान कायम. सुई टोचू नये म्हणून घालायचं ते टोपण त्यांच्या बोटाचाच भाग झालंय. पहाटे पाचला उठतात आणि सहाला कार्ड आत. सव्वाआठपर्यंत त्यांचं कार्ड बाहेर कधीच राहिलेलं नव्हतं.

हे मला ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं.

पण माझ्या डोळ्यांसमोर विहीणबाई होत्या. लिफ्टमधून बाहेर पडून माझ्या दाराशी यायचं तर मास्तरांच्या दारावरूनच यावं लागतं, आणि कार्डावर ठसठशीत छापलेलं, ‘ज्येष्ठ नागरिक निवास, खोली क्रमांक अमुक’. दार वाजवलं तर मास्तर बोलत बसणार. त्यांना बोलायला फार आवडतं. मी म्हटलं, म्हातारा एक दिवस झोपला असेल उशिरापर्यंत. कार्ड काढलं, दाराखालच्या फटीतून आत सरकवलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘नऊ वाजता. सर्व ठीक.’ खाली सही.

विहीणबाई आल्या. खोली बघून म्हणाल्या, ‘आटोपशीर आहे हो.’ मी चहा केला, केक कापला. त्या खिडकीशी बसून मनोऱ्याचं कौतुक करत होत्या आणि माझा जीव कुठे भांड्यात पडतोय तोच भिंतीतून आवाज आला. टिक, टिक, टिक. थांबला. पुन्हा टिक, टिक.

‘कसला आवाज आहे हो?’ त्यांनी विचारलं.

‘शेजारी सुतारकाम चाललंय,’ मी म्हटलं. क्षणभरही अडखळले नाही.

‘सकाळी सकाळी?’

‘हल्लीचे कारागीर, त्यांना वेळकाळ कुठला?’ असं म्हणत मी उठले आणि रेडिओ लावला.

हातोडी लाकडावर पडली की कशी वाजते आणि पितळ फरशीवर आपटलं की कसं वाजतं, हे ज्या बाईला कळत नाही तिनं एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काय केलं? मला कळत होतं. मी फक्त कळून घेत नव्हते. थोड्या वेळानं टिकटिक थांबली आणि मला हायसं वाटलं. हो, हायसं वाटलं.

अकरा वाजता विहीणबाईंना मागच्या गेटनंच खाली नेलं, टॅक्सीत बसवलं. मग मला असं मोकळं वाटलं म्हणून सांगू! नाटक निभावलं होतं. मी बाजारातून हिंडले, स्वतःसाठी फुलं घेतली, वाचनालयात मासिकं चाळली. पाऊण वाजता वर आले तेव्हा मजल्यावर शांतता होती आणि मास्तरांच्या दारातून तोच आवाज येत होता, फार हळू. टिक. बऱ्याच वेळानं, टिक.

हातातली फुलं तिथेच पडली. मी वॉचमनला अशी हाक मारली की तीन मजले जमा झाले. किल्लीनं दार उघडलं. मास्तर न्हाणीघराच्या उंबऱ्यात आडवे होते, अर्धे आत, अर्धे बाहेर. ओठ पांढरे पडले होते. बोटातलं अंगुस्तान फरशीवर टेकलेलं. आणि दाराच्या आत, माझ्या पायाशी, हिरवं कार्ड.

कमरेचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पहाटेपासून पडले असावेत, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. इमारतीत माझा उदो उदो झाला. ‘हॅलोबाईंचे कान म्हणून मास्तर वाचले.’ कुणी मला मिठी मारली, कुणी डबा आणून दिला. मॅनेजरनं फळ्यावर माझं नाव लिहून आभार मानले. मॅनेजर माझ्या लेकीपेक्षाही लहान आहे, मला मावशी म्हणते. त्या फळ्यासमोरून मी मान खाली घालून जात होते. पण मी तो पुसला नाही. ‘अहो, त्यात काय एवढं,’ असंसुद्धा म्हणून घेतलं. या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

गुरुवारी मॅनेजरनं मला ऑफिसात बोलावलं. समोर मास्तरांची फाइल उघडी होती.

‘मावशी, तुम्हीच त्यांच्या सगळ्यात जवळच्या, म्हणून विचारते. मास्तरांचं हल्ली विसरणं वाढलंय का?’

‘नाही. का गं?’

‘डॉक्टर म्हणतात, ते पहाटेच पडले. पण कार्ड आत होतं. नऊच्या तुमच्या फेरीत सगळं ठीक होतं. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, कार्ड मीच आत घेतलं, पुढचं आठवत नाही. म्हणजे बघा, काहीच जुळत नाही. डोक्यात गोंधळ असलेल्या माणसाला इथे एकट्याला ठेवता येत नाही. शुक्रवारी समितीची बैठक आहे. हाड जुळलं की त्यांना गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात हलवावं लागेल. खोलीसाठी यादीत दोनशे माणसं आहेत.’

मी ‘हं’ म्हटलं आणि बाहेर पडले. तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण मी बसनं हॉस्पिटलात गेले. मास्तरांना खरंच आठवत नसेल, अशी एक नीच आशा मनात होती.

मास्तर पलंगावर पडून छताकडे बघत होते. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

‘या बाई. बसा. पाहुणे गेले का नीट?’

मी उभीच राहिले. ‘कुठले पाहुणे?’

‘तुमच्याकडे आले होते ते. हसण्याबोलण्याचा आवाज येत होता की.’

‘मास्तर, तुम्ही ऑफिसात काय सांगितलंत? कार्ड तुम्ही आत घेतलं?’

त्यांनी मान वळवली. ‘न्हाणीघराचं दार उघडंच होतं. मी पडलो होतो तिथून समोरचं दार दिसतं. कार्ड फटीतून आत आलं ते दिसलं. टाचांच्या चपलांचा आवाज आला. हाक मारली, पण घसा कोरडा, आवाजच फुटेना. म्हटलं, बाईंच्या त्या चपला, म्हणजे आज काहीतरी खास आहे.’

‘तुम्ही ठोकत होतात.’

‘हो. मग वाटलं, बाईंकडे बाहेरची माणसं आलीत. त्यात इकडून धावपळ, वॉचमन, ॲम्ब्युलन्स, तुमची पंचाईत होईल. तुम्ही किती जपता ते ठाऊक आहे मला. म्हटलं, पाहुणे जाऊ देत, मग ठोकू. अकराला लिफ्टचा आवाज आला तेव्हा पुन्हा सुरू केलं.’ ते ओशाळल्यासारखे हसले. ‘पण तुम्ही त्यांच्याबरोबर खाली गेला होतात वाटतं.’

मी खाली बसले ती खुर्चीवर बसले की पलंगाच्या कडेवर, आठवत नाही. पदराचा बोळा तोंडात कोंबून रडले. मास्तर म्हणत होते, ‘अहो बाई, लोक बघतायत.’ त्याही वेळी माझीच अब्रू!

‘तुमची खोली जाईल,’ मी म्हटलं.

‘कळलंय मला. तुमचं नाव घेतलं तर तुमची जाईल. मी काय, कुठेही बसून शिवणार.’ मग म्हणाले, ‘तिथे खिडकीतून मनोरा मात्र नसेल.’

परतले तेव्हा ऑफिस बंद व्हायला दहा मिनिटं होती. मॅनेजरच्या टेबलासमोर उभी राहून मी सगळं सांगितलं. सव्वाआठची फेरी, नऊची खोटी सही, कार्ड, पाहुणी, सुतार, रेडिओ. ती आधी लिहून घेत होती, मग लिहायची थांबली. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं मला मावशी न म्हणता ‘तुम्ही’ एवढंच म्हटलं.

‘तुम्ही आवाज ऐकलात?’

‘ऐकला.’

‘आणि रेडिओ लावलात.’

‘हो.’

तिनं मास्तरांची फाइल मिटून बाजूला ठेवली. मग कपाटातून दुसरी काढली. तिच्यावर माझं नाव होतं. ‘त्यांना काही होणार नाही,’ ती म्हणाली. ‘तुमचं मात्र समितीपुढे ठेवावं लागेल. हे सगळं स्वतःच्या हातानं लिहून द्या.’ मी लिहून दिलं. बाहेर येऊन फळ्यावरचं माझं नाव हातानं पुसलं. बोटांना लागलेला खडू साडीला पुसला आणि वर गेले.

एक काम राहिलं होतं. विहीणबाईंना फोन लावला. म्हटलं, ‘तुम्हाला खोटं सांगितलं. हा माझा फ्लॅट नाही. ही म्हाताऱ्यांसाठीची, कमी भाड्याची जागा आहे.’

त्या अगदी हळू म्हणाल्या, ‘मला ठाऊक आहे. टॅक्सीवाल्यानं आधी पुढच्याच गेटला नेलं होतं. रस्ता काही खोदलेला नव्हता. पाटी वाचली आणि मग त्याला मागे घ्यायला सांगितलं. म्हटलं, तुम्हाला सांगायचं नाहीये, तर आपण कशाला विचारायचं? जागा मला खरंच आवडली हो.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘एक विचारू?’ त्या म्हणाल्या. ‘तो आवाज. सुतार नव्हता ना? मला तेव्हाच वाटलं, कुणीतरी मदतीला बोलावतंय. पण तुम्ही उठून रेडिओ लावलात. म्हटलं, पुन्हा विचारलं तर यांना अवघड होईल. त्या दिवसापासून ते डोक्यातून जात नाहीये.’

म्हणजे त्या सकाळी भिंतीच्या अलीकडे आम्ही दोघी आणि पलीकडे फरशीवर पडलेले मास्तर, अशी तिघंही माझी अब्रू सांभाळत बसलो होतो.

‘हॅलो?’ विहीणबाई म्हणत होत्या. ‘हॅलो, ऐकू येतंय ना?’

हा प्रश्न मी एकतीस वर्षं लोकांना विचारला होता.

‘येतंय,’ मी म्हटलं. ‘तेव्हाही येत होतं.’