एका पोत्यावरची जोडी

माझी सासू माझ्या वर्गातून उठून दुसऱ्या बाईच्या वर्गात गेली. सांगायले लाज वाटते, पण गोष्ट तिथूनच सुरू होते.

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात नऊ वर्षं मी एकटी मोठ्या माणसांले लिहा-वाचायले शिकवत होती. समाजमंदिरात, दुपारी तीन ते पाच. धान घरात आलं की वर्ग सुरू, मोहाची फुलं पडायले लागली की बंद. त्याच्या मधात परीक्षा. ज्याच्या त्याच्या तोंडी ललिताबाई, ललिताबाई. मग यंदा दिव्यानी आली. चंद्रपूरची पोरगी, चोवीस वर्षांची, डी.एड. झालेली, आमच्या शाळेतल्या मास्तरची भाची. "मामाकडे बसून बसून काय करू, मीबी शिकवते," म्हणे. शिकव ना बाई, गाव काय माझ्या बापाचं आहे? पण तिनं ग्रामपंचायतीच्या ओसरीत फळा टांगला अन् महिनाभरात माझी अर्धी माणसं तिकडं गेली. त्यांत पहिली माझी सासू, सुगंधाबाई.

"माय, तुम्ही तिकडं काऊन जाता?" मी विचारलं.

"तिकडं हवा लागते," म्हणाली.

हवा! साठीतल्या बाईले हवा पाहिजे! माझ्या घरात राहते, माझ्या हातचा भात खाते, अन् हवा लागते म्हणे तिकडं. वरून घरी आली की कोपऱ्यात बसून पाटीवर काहीतरी गिरवायची, अन् मी जवळ गेली की पाटीवर पदर टाकायची. तो पदर पाहिला की माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. मले एकच पाहिजे होतं. त्या बाईनं परत माझ्या वर्गात यावं, अन् सगळ्या गावानं ते पाहावं.

हवा कोणती लागते ते पाहायले मी रोज पाण्याचा गुंड घेऊन पंचायतीजवळच्या हापशीवर जाऊ लागली. घरी नळ असून! एक दिवस दिव्यानीनं फळ्यावर बेरीज चुकवली. नऊ अन् सात, पंधरा. मी गुंड खाली ठेवला. म्हटलं, आता पाहते मजा. झिंगूभाऊ उठला. पन्नाशीचा माणूस, हातात कधी खडू धरला नाई. "पोरी, सोळा होते व," म्हणाला. अन् ती हसली! "अरे हो की! बरं झालं भाऊ, सांगितलं. या, तुम्हीच नीट करा." खडू त्याच्या हातात दिला. त्यानं वाकडातिकडा सोळा काढला, तं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नऊ वर्षांत माझी एक चूक मी कोणाले दिसू दिली नाई. चुकलं तं आधी फळ्यावर फडकं फिरवायचं, मग तोंड उघडायचं. अन् ही पोरगी भर वर्गात चुकते, तरी माणसं तिच्यावर आणखी जीव लावतात! हा कुठला न्याय? अर्धं पाणी सांडवत घरी आली. माझा नवरा धनराज म्हणाला, "नळाले पाणी नाई का?" त्याले असं उत्तर दिलं की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाई.

परीक्षेले आठ दिवस राहिले तेव्हा दिव्यानी माझ्याच घरी आली. खाली बसली, चहा घेतला, वही उघडली.

"ललिताबाई, तुम्ही इथल्या जुन्या. एक विचारायचं होतं. मी जोड्या लावून राह्यली. ज्याले येते तो, ज्याले येत नाई त्याच्यासोबत. एका पोत्यावर दोघं, दोघांत एक पुस्तक. झिंगूभाऊ वाचनात मागं आहेत अन् रंजीतावहिनी सगळ्यांच्या पुढं. दोघं एकाच घरचे, तं त्यांची जोडी लावते. चालते ना?"

आता रंजीता म्हणजे झिंगूभाऊच्या लहान भावाची बायको. तो तिचा भासरा. आमच्याकडं भासऱ्यासमोर बाई डोक्यावरचा पदर ढळू देत नाई, त्याच्या खाटेवर का चटईवर टेकत नाई. ती आंगणात असली तं तोबी आधी खाकरते, मग पाय टाकते. एका पोत्यावर बसायची तं बातच सोडा. गावातल्या शेंबड्या पोराले हे माहीत आहे. चंद्रपूरच्या या पोरीले माहीत नव्हतं. वर्गात झिंगूभाऊ या टोकाले अन् रंजीता त्या टोकाले बसायची, ते तिले सहजच वाटलं असंल.

पण तिनं विचारलं होतं. वही उघडी ठेवून, पेन हातात धरून विचारलं होतं.

"चालते ना," मी म्हटलं. "घरचेच तं आहेत."

आतल्या खोलीत सासूबाई तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. मी तिकडं लक्ष दिलं नाई.

दुसऱ्या दिवशी गुंड न घेताच गेली. दिव्यानीनं पोती अंथरली, नावं वाचली. "झिंगूभाऊ, रंजीतावहिनी, तुम्ही इथी." झिंगूभाऊ पोत्यावर बसला होता, त्यानं मान खाली घातली. रंजीता जागची हलेना. तं ही शहाणी गेली, तिच्या हाताले धरून आणलं अन् बसवलं! झिंगूभाऊ विंचू चावल्यासारखा उठला. चप्पल तिथंच सोडून अनवाणी चालला गेला. रंजीतानं पदर हनुवटीपर्यंत ओढला अन् रडत घराकडं पळाली. तिच्यामागं बाकीच्या बाया. दिव्यानी पुस्तक हातात धरून "काय झालं? काय झालं?" करत राहिली.

खोटं कशाले बोलू, मले बरं वाटलं. गजब बरं वाटलं. घरी जाऊन मी कांद्याची भजी तळली.

सासूबाईनं एकबी खाल्लं नाई. "तुले तं मालूम होतं," म्हणाली.

"तिच्या वर्गाचं मी काऊन पाहू?"

"सूप हातात होतं माझ्या. कान उघडे होते." ताट सरकवून उठली. मग दारातून वळून म्हणाली, "अन् मी तिकडं हवेसाठी नाई गेली. तू माझी पाटी वर धरली होती, म्हणून गेली."

मले आठवायले वेळ लागला. धान निघाल्यावर, वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात. सतरा अन् आठची बेरीज तिची चुकली होती. मी तिची पाटी उचलून सगळ्यांले दाखवली होती, "पाहा, मास्तरणीच्या सासूचे दिवे!" सगळे हसले. मीबी हसली. माझ्या ते ध्यानातही नव्हतं. तिनं तेवढे महिने ते पोटात ठेवलं होतं, अन् मी तिच्या पदराचा राग करत होती.

दोन दिवस ओसरी रिकामी. असंच राहिलं असतं तं परीक्षेले कोणी बसलं नसतं. अन् माझ्याकडं कोणी परत आलं म्हणता? एकबी नाई.

तिसऱ्या दिवशी सासूबाई पाटी घेऊन निघाली. मी मागून गेली. पाहते तं काय, ओसरी भरलेली! मागून कळलं, की पोरगी दोन दिवस घरोघर फिरली होती. "चुकलं माझं. कसं बसवू ते तुम्हीच सांगा," एवढंच म्हणत होती. शेवटी जोड्या रंजीतानंच लावून दिल्या. झिंगूभाऊ एका म्हाताऱ्यासोबत बसला होता, रंजीता दूर बायांत. मी खांबाआड उभी राहिली.

दिव्यानी फळ्यापाशी आली. खडू खाली ठेवला तिनं. "त्या दिवशी जे झालं ते सगळ्यांसमोर झालं, तं माफीबी सगळ्यांसमोर मागते. तुमची रीत मले माहीत नव्हती, अन् मी कोणाले विचारलं नाई. चूक माझी आहे."

कोणाले विचारलं नाई! तिनं मले पाहिलं होतं. पाहिलं अन् नजर काढून घेतली. मले वाचवून राह्यली होती ती! एवढा हेवा मले तिचा कधी वाटला नव्हता. चूक करायची, कबूल करायची, वरून दुसऱ्याचीबी आपल्या अंगावर घ्यायची, अन् तरी फळ्यासमोर उभं राहायचं. मले हे येत नव्हतं. नऊ वर्षांत मी हे शिकलीच नव्हती, अन् ही पोरगी पहिल्याच वर्षी शिकून आली होती.

"खोटं बोलते ती," माझ्या तोंडून निघालं. सगळी ओसरी माझ्याकडं वळली. "तिनं विचारलं होतं. मले विचारलं होतं. अन् मी चालते म्हटलं. मुद्दाम म्हटलं, तिचा वर्ग मोडावा म्हणून." आता थांबून काय फायदा? "अन् माय, तुमची पाटी वर धरली, तेबी चुकलंच माझं. तेबी सगळ्यांसमोर केलं होतं, म्हणून इथीच सांगते."

झिंगूभाऊ म्हणाला, "बाई, तुम्ही तं हद्द केली," अन् पुस्तकात डोकं घातलं. रंजीतानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाई. अजूनबी नीट बोलत नाई माझ्याशी. तिचा हक्क आहे तो.

मी पायरी उतरायले लागली.

"ललिता."

सासूबाई पोत्यावर एका बाजूले सरकली होती. "बस," म्हणाली. मी बसली. नऊ वर्षांत पहिल्यांदा फळ्याकडं तोंड करून बसली. तिनं मांडीवरच्या पाटीवरचा पदर काढला. सतरा अन् आठ. खाली लिहिलं होतं, चोवीस.

माझं बोट पुसायले पुढं गेलं. नऊ वर्षांची सवय. मी हात मांडीखाली घालून दाबून बसली.

"कसं केलं, माय? मले करून दाखवा."

तिनं ओटीतून चिंचोके काढले. सतरा मांडले, आठ मांडले. मोजले. पुन्हा मोजले. मग वाकून पोत्याच्या दुमडीत पाहिलं, तिथं एक चिंचोका पडला होता. "पंचवीस व!" ती ओरडली, अन् मले नाई, फळ्याकडं पाहून म्हणाली, "पोरी, पंचवीस! मलेच सापडलं!"

दिव्यानीनं टाळी वाजवली. मले हेवा वाटलाच, खोटं काऊन सांगू. पण तिकडं ओरडता ओरडता सासूबाईनं पाटी माझ्या मांडीवर ठेवून दिली होती, अन् तिच्यावर पदर टाकला नव्हता.