दोन सोयरे आणि चिलापीची कातडी

"आगीनं माणसावर लाखो वर्षं राज्य केलं. ते राज्य आज, या वॉर्डात, संपत आहे," असं डॉक्टर अरिस्तार्को म्हणाले आणि वाक्याला जोर यावा म्हणून त्यांनी हात उंचावला. त्या हातात कॉफीचा पेला होता. आमच्या सेर्रा दो उंबू गावात कॉफी उकळतीच देतात. ती अंगठ्यावर सांडली, आणि डॉक्टरांनी उरलेलं भाषण अंगठा तोंडात ठेवून पुरं केलं. त्यामुळे आगीचा पराभव नेमका कसा होणार, ते आम्हां पेशंटांना नीटसं कळलं नाही.

मी त्या वॉर्डात होतो, पण भाजलेला नव्हतो. काजूच्या झाडावरून पडून मी मांडीचं हाड मोडून घेतलं होतं. या वयात झाडावर काय करत होतो, हा प्रश्न सगळ्यांनी विचारून झाला होता. हाडांच्या वॉर्डात खाट रिकामी नव्हती, म्हणून मला भाजलेल्यांत टाकलं होतं.

डॉक्टर अरिस्तार्को पार रेसिफे शहरातून आले होते ते दोन गोष्टी घेऊन. एक म्हणजे चिलापी माशाची कातडी. आमच्या धरणात चिलापी मुबलक. मासा आम्ही तळून खातो, कातडी मांजरांना जाते. डॉक्टरांचं म्हणणं असं, की तीच कातडी नीट स्वच्छ करून भाजलेल्या जागेवर चिकटवली, तर रोज पट्टी बदलायला नको, दुखणं कमी आणि जखम लवकर भरते. हे त्यांना सिद्ध करायचं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे टूथपेस्टचा द्वेष. आमच्याकडे भाजलं की माणूस आधी टूथपेस्ट शोधतो, मग पाणी. डॉक्टरांनी फाटकावर मोठं चित्र लावलं होतं: टूथपेस्टची ट्यूब आणि तिच्यावर लाल फुली. पेशंटांच्या टूथपेस्ट जप्त करून नर्स लिंदाउराच्या कपाटात कुलूपबंद केल्या होत्या. सकाळी चालते पेशंट रांगेनं तिच्यासमोर जायचे, ती ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट द्यायची आणि तोंड धुऊन होईपर्यंत सगळ्यांवर नजर ठेवायची.

अशात जूनमधला साओ जोआओचा सण आला.

सणाच्या रात्री दारोदार शेकोट्या पेटतात. त्या रात्री दोन माणसांनी हातात हात धरून, संतांची नावं घेऊन शेकोटीवरून उडी मारली की ती जन्माची सोयरी होतात. शेकोटीचे सोयरे. रक्ताच्या भावाला माणूस नाही म्हणू शकतो. शेकोटीच्या सोयऱ्यानं काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. कालपर्यंत अरे-तुरे चाललेलं असतं, ते उडीनंतर अहो-जाहोवर येतं. सोयऱ्याला आपल्यापायी त्रास होऊ द्यायचा नाही, आणि त्याचा त्रास अर्धा आपण घ्यायचा, हा नियम.

गुमेर्सिंदो अकॉर्डियन वाजवतो आणि ओतोनियेल न्हावी आहे. दोघं तरुणपणीच सोयरे झाले होते, आणि दर सणाला पुन्हा उडी मारून सोयरीक ताजी करायचे. यंदा शेकोटी तेवढीच होती, सोयरे तेवढे राहिले नव्हते. तरी उडी जमली असती. पण धावता धावता ऐन ज्वाळांपाशी गुमेर्सिंदो म्हणाला, "आधी तुम्ही, सोयरे."

"छे छे. आधी तुम्ही."

दोघेही थबकले. पाय पलीकडे पोचले, हात निखाऱ्यांत गेले. आणि उडी पुरी होईपर्यंत हात सोडायचा नसतो, म्हणून दोघांपैकी कोणीही सोडला नाही.

त्यांना वॉर्डात आणलं तेव्हा डॉक्टरांचे डोळे पाणावले. आनंदानं. "एकाचा उजवा हात, दुसऱ्याचा डावा. आग एक, क्षण एक, निखारे तेच. अहो, एवढी सुंदर जोडी सबंध ब्राझीलमध्ये कुठल्या संशोधकाला मिळाली नसेल."

"आभारी आहोत, डॉक्टरसाहेब," गुमेर्सिंदो कण्हत म्हणाला.

चिठ्ठी काढली. मासा ओतोनियेलला आला. गुमेर्सिंदोच्या वाट्याला जुनं पांढरं मलम आणि रोजची पट्टी आली.

ओतोनियेल म्हणाला, "अर्धा मासा सोयऱ्यांना लावा."

"तसं करता येत नाही. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी."

"मग मलाही नको."

"सोयरे, मी मागतोय. लावून घ्या," गुमेर्सिंदो म्हणाला. सोयऱ्यानं मागितलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोग सुरू झाला. लिंदाउरा गुमेर्सिंदोची पट्टी सोडवू लागली की तो छताकडे बघायचा आणि त्याच्या कपाळावरचा घाम कानात ओघळायचा. पलीकडच्या खाटेवर ओतोनियेल हाताला चिलापी चिकटवून निवांत पडलेला असायचा आणि शरमेनं मरत असायचा. खाटेखाली मांजर.

मग डॉक्टर यायचे. "शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. आज किती दुखतंय?"

गुमेर्सिंदो शेजारच्या खाटेकडे बघायचा. सोयऱ्याला उगाच घोर नको. "एक, डॉक्टरसाहेब. फार तर एक."

"आणि तुम्हाला?"

ओतोनियेलही शेजारच्या खाटेकडे बघायचा. सोयऱ्याचं दुखणं एकट्याचं राहायला नको. "दहा," तो म्हणायचा, आणि विश्वास बसावा म्हणून थोडं ओरडायचाही. न्हाव्याच्या मानानं बरं ओरडायचा.

डॉक्टर दिवसेंदिवस वाळत चालले. माशानं दहा दुखतं आणि जुन्या मलमानं एक. ते खिडकीशी उभं राहून धरणाकडे असं बघायचे, की जणू तिथल्या सगळ्या चिलाप्यांनी मिळून त्यांना फसवलं होतं.

याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. ज्याला एकच दुखतं, त्याला पट्टीआधी दुखणं मारायचं औषध कोण देणार? गुमेर्सिंदोला ते मिळत नव्हतं. दुखायचं म्हणून तो बोटं हलवत नव्हता, आणि बोटं दिवसागणिक आखडत चालली होती.

"गुमेर्सिंदो, आत्ता हलवली नाहीस तर ही बोटं अशीच राहतील," लिंदाउरा म्हणाली. "मग त्या पेटीवर काय कोपरानं वाजवणार आहेस?"

"हलवेन, बाई. उद्या."

मनाला बसलेला धक्का मोजायलाही एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दोघांना पेटलेल्या शेकोटीचं चित्र दाखवलं. "हे बघून मनात काय येतं?"

गुमेर्सिंदो बराच वेळ बघत राहिला. "लाकूड ओलं आहे, बाई."

"भीती? छातीत धडधड?"

"नाही. पण कोणी रचलीय ही? खालून हवाच नाही."

बाईंनी ठरवलं की धक्का बसलेला नाही. आगीच्या बाबतीत ते खरंच होतं. पण संध्याकाळी लिंदाउरा रेडिओ लावायची, रेडिओवर अकॉर्डियन सुरू झालं की गुमेर्सिंदो भिंतीकडे तोंड करायचा आणि गाणं संपेपर्यंत वळायचा नाही. याचं चित्र बाईंकडे नव्हतं.

मी त्याला एकदा म्हटलं, "अरे, खरा आकडा सांग ना. हात जाईल तुझा."

"सोयऱ्यांना ऐकू जातं."

"मग हळू सांग."

"न्हावी आहेत ते. त्यांना सगळं ऐकू जातं."

शेवटी लिंदाउरानंच डॉक्टरांना फोडून सांगितलं. डॉक्टर आधी हसले, मग खुर्चीत बसले. दुपारपर्यंत त्यांनी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत हलवलं आणि गुमेर्सिंदोला विचारलं, "आता इथं कोणी नाही. किती दुखतं?"

"आधी सोयऱ्यांना विचारा."

डॉक्टर दुसऱ्या खोलीत गेले.

"छे छे," ओतोनियेल म्हणाला. "आधी त्यांना."

डॉक्टर दोन खोल्यांच्या मधल्या बोळात येरझाऱ्या घालू लागले. मग स्वैपाकघरात गेले, कारण सगळ्या इस्पितळात त्यांना न घाबरणारी एकच व्यक्ती तिथं होती. दोना फ्लोरिपेस. आमची स्वैपाकीण, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ती मक्याची खीर ढवळत होती.

"तो मला खरं का सांगत नाही? मी त्याचा डॉक्टर आहे."

"तेच तर," फ्लोरिपेस म्हणाली. "नुसते डॉक्टर आहात. डॉक्टरांना लोक बरं वाटेल ते सांगतात. मागणं सोयऱ्याचं लागतं."

"मग मी काय करू?"

"उद्या साओ पेद्रोचा सण. विधवांनी शेकोटी लावायचा दिवस. मी मागच्या अंगणात लावतेच दरवर्षी." तिनं डॉक्टरांच्या पांढऱ्या विजारीकडे बघितलं. "ती तेवढी गुडघ्यापर्यंत वर घ्या."

दुसऱ्या संध्याकाळी वॉर्डातले चालते पेशंट अंगणात जमले. मला खाटेसकट दारापर्यंत ढकललं. शेकोटी वीतभर उंच होती. "सोहळ्यापुरती," फ्लोरिपेस म्हणाली. गुमेर्सिंदो पट्टी बांधलेला हात छातीशी धरून उभा होता. ओतोनियेल साक्षीदार. त्याला आपल्या सोयऱ्याचा आणखी एक सोयरा होणार याचं जरा लागलं होतं, पण त्यानंच डॉक्टरांची दाढी करून दिली होती. उजव्या हातानं. तो हात शाबूत होता.

मनाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाजलेल्या माणसानं पुन्हा आगीसमोर जाणं, हा फार महत्त्वाचा टप्पा आहे."

"डॉक्टरांना सांगा," गुमेर्सिंदो म्हणाला. "त्यांचे गुडघे बघा."

डॉक्टरांनी आयुष्य भाजलेल्यांत घालवलं होतं, पण आगीच्या इतक्या जवळ ते कधी गेले नव्हते. त्यांनी गुमेर्सिंदोचा चांगला हात धरला. संतांची नावं घेतली, एक चुकीचं घेतलं.

"आधी तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

"नाही," गुमेर्सिंदो घाईनं म्हणाला. "ते आपण यंदा बंद केलंय. दोघं एकदम."

दोघं पलीकडे पोचले. उतरताना डॉक्टर जरा मागे राहिले, पण पोचले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ज्यांना वाजवता येत होत्या त्यांनी.

डॉक्टर धापा टाकत म्हणाले, "आता सांगा, सोयरे. किती दुखतं?"

गुमेर्सिंदोनं त्यांच्याकडे मायेनं बघितलं. "तुम्हाला किती हवंय, सोयरे?"

डॉक्टरांनी डोळे मिटले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मला काही नको. प्रयोग गेला, तो गेला. एकच मागतो. खरं सांगा."

सोयऱ्याचं मागणं होतं. गुमेर्सिंदोनं ओतोनियेलकडे बघितलं, ओतोनियेलनं मान हलवली.

"पट्टी काढताना दहा," तो म्हणाला. "बोटं हलवली की त्याच्याही वर. म्हणून हलवत नाही."

"दहाच्या वर आकडा नसतो."

"दुखणं असतं, सोयरे." मग त्यानं एवढे दिवस न विचारलेलं विचारलं. "मी वाजवीन का पुन्हा?"

"दुखणं थांबवणं माझ्याकडे लागलं. बोटं हलवणं तुमच्याकडे. रोज हलवलीत तर वाजवाल. नाही हलवलीत, तर नाही."

लिंदाउरा औषध आणायला गेलीसुद्धा.

"माझं दोनच होतं, साहेब," ओतोनियेल खाली मान घालून म्हणाला. "काही दिवस तर शून्य. मासा फार चांगला आहे. मला माफ करा."

डॉक्टर अरिस्तार्कोंची चिलापी जिंकली होती, आणि हे जगात कुठंही सांगता येणार नव्हतं, कारण पुरावा म्हणून दोन सोयऱ्यांच्या भिडेशिवाय त्यांच्याकडे काही नव्हतं. औषध घेतल्यावर बऱ्याच वेळानं गुमेर्सिंदोनं मांडीवर हात ठेवला आणि पट्टीतून बाहेर आलेली दोन बोटं एकामागून एक हलवली. ओठ घट्ट आवळलेले होते, पण त्यानं पुन्हा हलवली. आत रेडिओवर अकॉर्डियन चालू होतं. या वेळी त्यानं तोंड फिरवलं नाही.

"सोयरे, किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"सात."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधान बघितलं. ते काहीतरी मोठं बोलणार असं वाटलं. माणूस आणि आग यांविषयीच असावं, कारण त्यांनी हात उंचावला होता. पण मध्येच त्यांनी तो खाली घेतला आणि स्वतःच्या घोट्याकडे बघितलं. उडीत खाली घसरलेली पांढरी विजार काठाला काळी पडली होती आणि खालची कातडी लालभडक झाली होती. फ्लोरिपेस पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती. डॉक्टरांनी तो घेतला नाही. इकडेतिकडे बघितलं आणि ते लिंदाउराच्या कानाशी वाकले. माझी खाट नेमकी तिथंच होती.

"सिस्टर," ते म्हणाले, "ते कपाट जरा उघडता का? वाटाण्याएवढी पुरे."