किरणस्वामींचा हिरवा उजेड

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती, तरी लोक शिरतच होते. खिडक्या झाकलेल्या, अंधार गुडुप, आणि समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर हिरवेगार ठिपके चमकत होते. हे म्हणे एका शिवणकामवाल्या बाईंच्या पोटातले कॅन्सरचे किडे. खरवडले होते गालाच्या आतून, पण किडे पोटातले! असलं काही विचारायचं नसतं. तिथे चपलांबरोबर अक्कलही दाराशीच काढून ठेवायची होती.

किरणस्वामी सूक्ष्मदर्शकापाशी डोळे मिटून बसले होते. अंगात भगवं, त्यावर डॉक्टरी पांढरा कोट. दोन्ही डगरींवर पाय.

"आम्ही काही करत नाही, बाळांनो," मधात बुडवलेला आवाज आला. "आम्ही प्रकाशाला विनंती करतो, प्रकाश पेशीला करतो. पेशी ऐकते."

आणि पेशी ऐकायची! मंत्र सुरू झाला तसे ठिपके मंदावले, फिके पडले, विझले. बाई हमसून रडल्या. टाळ्यांनी हॉल दणाणला.

मागे एक डॉक्टरीण दातओठ खात उभी होती. गाठींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं हा तिचा रोजचा धंदा. थोरल्या बहिणीच्या स्तनातली गाठ तिनेच तपासली होती. उद्या ऑपरेशन, आणि आज ताई म्हणाली होती, "मी नाही येणार. स्वामी विझवतात."

आता खुर्चीत ताईच बसली. शेजारी भाऊजी हात जोडून.

स्वामींनी गाल खरवडला, काचेवर पुसला, पिवळसर थेंब टाकला, निळा दिवा लावला. पडदा हिरवा. मंत्र. पडदा काळा.

"गेला गं, छोटे! गेला!" ताई ओरडली.

धाकटी तरातरा पुढे गेली आणि कुणी आडवं यायच्या आत तिने बोटाने काच जराशी सरकवली.

अर्धा पडदा पुन्हा हिरवागार! उरलेला काळाच, आणि दोहोंच्या मध्ये स्वच्छ गोलाकार कड.

"हात काढा! नकारात्मक शक्ती शिरली!" स्वामी किंचाळले. मध आटला होता.

"शक्ती नाही, बोट शिरलं. तुमचा थेंब म्हणजे साधा रंग. निळ्या उजेडात तो हिरवा चमकतो, आणि तोच उजेड पडत राहिला की चमक मरते. दिव्याचा गोल पडला तेवढंच विझलं. का हो, शेजारच्या पेशी बहिऱ्या होत्या?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आम्हीही चमकते रंग वापरतो," ती लोकांकडे वळली. "पण कॅन्सरच्या खुणेलाच चिकटतील असे निवडून. चमक मरायच्या आत फोटो काढायची धांदल असते आमची. हा रंग तर कुठल्याही पेशीला चिकटतो. स्वामी, तुमचा गाल द्या, बघू."

स्वामींनी तोंड गच्च मिटलं. मग तिने स्वतःचाच गाल खरवडला. पडदा हिरवा. मंत्राऐवजी ती बाराखडी म्हणू लागली. "क, का, कि, की..." ठिपके तेवढ्याच आज्ञाधारकपणे विझले. मग तिने निळा दिवा घालवून साधा लावला. पेशी जागच्या जागी, एकही हललेली नाही.

स्वामींना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली. ते आतल्या खोलीत गेले आणि कडी लागल्याचा आवाज आला.

ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे... माझी गाठ?"

धाकटी तिच्यापाशी वाकली. "आहे, ताई. काल होती तिथेच आहे. पण अजून काढता येईल एवढीच आहे."

"असू दे हो," भाऊजी पुटपुटले, "श्रद्धा ठेवायला काय जातं?"

"ही जाते, भाऊजी!" तिने ताईकडे बोट दाखवलं. "रोज थोडी थोडी! घरातला दिवा विझवला म्हणजे चोर पळाला, असं मानून झोपणार तुम्ही? अहो, विचारा ना! रंग कसला, दिवा कसला, हे विचारल्याने कुठला देव रागावतो? जो रागावतो तो देव नव्हे, दुकानदार!"

आणि एवढं सगळं होऊनही रांगेतले पुढचे काका, गळ्याला मफलर गुंडाळलेले, चोरपावलांनी खुर्चीकडे सरकलेच.

ताई अजून खुर्चीतच होती. तिने डोळे पुसले, उठली, आणि काका टेकायच्या आत खुर्ची मागे ओढली.

"इथे नाही बसायचं, काका," ती म्हणाली. "मी उद्या हॉस्पिटलात जातेय. तुम्ही पण चला."