थकलेली रेघ

थोरलीने पडद्यावरच्या काळ्या रेघेवर काठी टेकवली आणि म्हणाली, "इथे ही रेघ थकली आहे."

मागच्या बाकावर धाकटीचं पेन थांबलं. ते वाक्य तिचं होतं, अगदी 'थकली'सकट.

दोघी सख्ख्या बहिणी नव्हत्या. वसतिगृहात एका खोलीत राहून, एका ताटात जेवून त्या विभागाच्या थोरली-धाकटी झाल्या होत्या. लाकडी ठशांवरून छापलेली जुनी जपानी चित्रं हा दोघींचा विषय. ठसा झिजला की रेघ तुटते. तेव्हा विद्यापीठाचं संग्रहालय या चित्राच्या ज्या प्रतीला पहिली म्हणून मिरवतं, ती बरीच उशिराची असणार, हे धाकटीच्या लक्षात आलं होतं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिने ते आधी थोरलीला, तिच्या ताईलाच सांगितलं.

जपानला वर्षभर शिकायला एकीचीच निवड व्हायची होती, आणि आजची भाषणं त्यासाठीच होती. आपण दुसऱ्याच चित्रावर बोलणार, असं ताई म्हणाली होती. आज सकाळपासून मात्र ती खोलीत नव्हती, कॅन्टीनमध्ये नव्हती, फोनही बंद. धाकटी वेड्यासारखी तिला शोधत फिरली होती.

आता यानंतर धाकटीची पाळी होती, याच चित्रावर. परक्याने असं केलं असतं तर ती कडाकडा भांडली असती. ताईने केसाने गळा कापला होता आणि त्यावर काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

भाषण संपल्यावर निवडीसाठी जपानहून आलेल्या बाईंनी हळूच काही विचारलं. दुभाषी म्हणाला, "कागद उलटून पाहिलात का, असं त्या विचारतायत. छापताना कागदाला चुणी पडली, तरी अशी फट राहते."

थोरलीने फोटोवरच भागवलं होतं. तिने काठी खाली घेतली.

"खरं तर हे निरीक्षण माझं नाही," शेवटी ती म्हणाली. "माझ्या मैत्रिणीचं आहे. ती मागे बसलीय."

सगळ्यांच्या माना वळल्या. धाकटी उभी राहिली.

"हो, माझंच. आणि चुकलंय. आज सकाळी मी कागद उलटून पाहिला. चुणीच आहे."

बाई पुढे झुकल्या. दुभाष्याने विचारलं, "मग हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?"

धाकटीने पहिल्यांदाच थोरलीकडे पाहिलं. थोरली काठी ठेवायला जागा शोधत होती.

"सकाळपासून ताईलाच शोधत होते," धाकटी म्हणाली. "आधी तिलाच सांगायचं होतं."