मंगळाच्या टोळीचा मुकादम

चौसाळ्याजवळच्या त्या वस्तीवर ‘मंगळाची टोळी’ काय आहे ते कुणाला सांगावं लागत नसे. तानाजी आणि त्याचा दोस्त वाहेद, दोघांनी मोबाईलवर काढलेली ती मालिका. इथल्या कारखान्यांना कंटाळलेला मुकादम ऊसतोड्यांची टोळी थेट मंगळावर नेतो. तिथं ऊस माडाएवढा, पण वजन कशालाच नाही. गाडी गच्च भरून नेली तरी काटा जेमतेम हलतो. टोळी म्हणते, “मालक, काटा मारताय.” हिरव्या तोंडाचा मालक म्हणतो, “मी न्हाई, बाबा. ग्रहच मारतोय.” वाहेदचं गॅरेज होतं, पत्र्याच्या पिंपाचं यान त्यानंच ठोकलं होतं. मुरमाची खाण झाली मंगळ आणि मुकादम झाला तानाजी.

तानाजीला जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. हायवेवर टँकरनं उडवलं. मालिका मात्र नेटवर तशीच होती. दर हंगामात सांगली-कोल्हापूरकडच्या फडांवर, खोपीत पाठ टेकल्यावर माणसं ती पुन्हा लावत. पाठ झालेल्या वाक्यांना पुन्हा हसत आणि खाली लिहीत, ‘मुकादम, पुढचा भाग कधी?’ त्याची बायको तेजश्री ते सगळं वाचायची. उत्तर कधी दिलं नाही.

लेकीलाही उत्तर दिलं नव्हतं. तानाजीला आणलं त्या दिवशी ईश्वरीला कुणीतरी मावशीकडे नेलं. लेकराला तोंड दाखवायचं नाही म्हणाले. तेराव्यानंतर ती परत आली तेव्हा सासूबाई बायनाबाईंनी तिला मांडीवर घेतलं. “तुझा पप्पा टोळी घेऊन मंगळावर गेलाय, बाई. पट्टा पडला की यील.”

पोरीला त्यात नवल वाटलं नाही. वस्तीवरल्या निम्म्या पोरांचे आईबाप दिवाळी झाली की जात आणि कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, की परत येत. तेजश्री गप्प राहिली. जरा मोठी होऊ दे, मग सांगू, असं तिनं मनाशी धरलं. तेवढ्यात ते खोटं वस्तीनं उचललं. पाण्याला चाललेली बाई थांबून विचारायची, “ईशे, फोन आलता का पप्पाचा?” दुकानदार म्हणायचा, “मंगळ लांब हाय, तिथला पट्टा उशिरा पडतो.” सगळे मायेनंच बोलत. तेजश्री मान खाली घालून पुढं जायची.

लेकीच्या बाबतीत ती डोळ्यांत तेल घालून असायची. विळा आढ्याला, औषधं कुलपात, गेटला दोरी. बायनाबाई म्हणायच्या, “लेकरू हाय का कैदी?” ती ऐकून घ्यायची.

त्या सकाळी टोळ्या परतल्या. शेजारच्या कोमलचे आईबाप ट्रॅक्टरवरून उतरले आणि ईश्वरी धावत घरी आली.

“आई, कोमलचे पप्पा आले. आपले कावून आले न्हाईत?”

ओसरीवर वाहेद बसला होता. त्याला जुन्या मोबाईलमध्ये तानाजीचे न वापरलेले तुकडे सापडले होते.

“येतील,” तेजश्री म्हणाली.

“त्यांना न्यायला कुणी जात न्हाई का?”

“त्यांची वाट त्यांना ठाऊक हाय,” बायनाबाई आतून म्हणाल्या. “जा, खेळ.”

पोर दारात घुटमळली. वाहेद तेजश्रीला सांगत होता, “भाभी, लोक लई मागं लागलेत. एक भाग हुतो यातून. तुमी न्हाई म्हणलात तर न्हाई. पन बघा तरी एकदा.”

तिनं बघितलं. तानाजी शेतातल्या विहिरीच्या काठावर उभा, डोक्यावर पत्र्याचं टोपडं. मंगळाची वाट त्यांनी विहिरीतून काढली होती, यान म्हणे तिच्या तळाशी उभं असे. काठावर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि उडी. उडी घ्यायची तिथं थोडं खाली फळी ठोकून तिच्यावर गोधड्या टाकलेल्या असत. त्या कॅमेऱ्यात येत नसत. तानाजी वाक्य विसरला, हसला, कॅमेऱ्यामागच्या वाहेदला म्हणाला, “हसू नको बे, पडंन ना मी.” तेजश्रीला हसू फुटलं. किती दिवसांनी. “परत लावा,” ती म्हणाली. पुन्हा बघितलं. त्याच्या हनुवटीवरची खोक ती विसरलीच होती.

तिनं मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं. गेटची दोरी लोंबत होती.

तिनं हाका मारल्या नाहीत. चप्पलही न घालता ती शेताकडे पळाली.

ईश्वरी विहिरीच्या काठावर उभी होती. पाठीला दप्तर, डोळे घट्ट मिटलेले. फळी कधीच काढून नेली होती. खाली उन्हाळ्यातलं काळपट पाणी आणि कातळ. तेजश्रीनं पळणं थांबवलं. ढेकूळ फुटलं तरी आवाज होईल म्हणून ती पाय टेकवत टेकवत गेली. शेवटच्या पावलाला पोरीनं गुडघे वाकवले. तेजश्रीनं दप्तराचा पट्टा धरून तिला मागं खेचलं आणि दोघी ढेकळांत पडल्या.

“सोड. मी पप्पाला आणायला चाललेय.”

“पप्पा तिथं नाहीत.”

“मंग कुठं हायेत?”

तेजश्रीनं तिचे दोन्ही दंड धरले. “पप्पा मेले, ईशू. तू लहान होतीस तेव्हाच. गाडीवर होते, टँकरनं धडक दिली. जाळलं त्यांना. ते कुठंच नाहीत. आता येणार नाहीत.”

पोर रडली नाही.

“आजीला म्हाईत हाय का?”

“हाय.”

“वाहेदचाचाला?”

“हाय.”

“कोमलला?”

तेजश्रीनं होकाराची मान हलवली.

“सगळ्यांना म्हाईत हाय?”

“हो.”

“मंग ते मला फोनाचं कावून इचारतेत?”

तेजश्रीनं तिला जवळ ओढलं, तर तिनं अंग ताठ केलं. बांधावरून बायनाबाई धापा टाकत येत होत्या, मागं वाहेद. बायनाबाईंनी हात पसरले. “माझी माय ती, ये गं.” ईश्वरी त्यांच्या बाजूनं पुढं निघून गेली.

वाहेद पांढराफटक पडला होता. “भाभी, आजच काढून टाकतो. सगळे भाग. एक बी ठिवत न्हाई.”

तेजश्री हो म्हणणारच होती. पुढं चाललेली ईश्वरी थांबली. वळून तिनं कुणाकडे पाहिलं नाही.

“आई, वाहेदचाचाला म्हण, नको काढून टाकू,” ती म्हणाली आणि एकटीच घराकडे चालू लागली.