सरासरीत न धरलेली

आमच्या थोरल्या लेकाची, हिंदुरावाची एक खोड आहे. पाहुणे आले की घरातल्या फुटक्या कपबशा फळीच्या मागे सरकवायच्या, आणि पाहुणे गेले की त्यातल्याच कपात मला चहा द्यायचा. परवा मात्र त्याने कप नाही, पोटची पोर मागे सरकवली. तीही भरल्या सभेत. म्हणून लिहायला बसले. अक्षर माझं चौथीपर्यंतचं आहे. ज्याला त्रास होईल त्याने वाचू नये.

पुण्याजवळ मांजरी गावात आमच्या उसाच्या रानात त्याचं इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे. रान माझं, पाटी त्याची. उरलेला ऊस धाकटा भैरू बघतो. प्रवेशाचे दिवस आले की हायवेला हिंदुरावाचा फ्लेक्स लागतो: ‘प्रवेश परीक्षेत आमच्या विद्यार्थ्यांची सरासरी ९४ पर्सेंटाइल’. शेजारी याचा फोटो, आकड्याहून मोठा. पर्सेंटाइल म्हणजे काय ते मी विचारून घेतलंय. शंभरातली किती पोरं तुझ्या मागे राहिली, त्याचा आकडा.

त्याच्या मुलीच्या, विजयमालेच्या मागे अडतीस राहिली होती. दोन वर्षं कोथरूडच्या क्लासला गाडीने नेली-आणली, तरी अडतीसच. मी तोंडावर सांगितलं, “बये, क्लासातल्या बाकाला तुझ्याहून जास्त पडले असते.” रडली. रडू दे. खोटं ऐकून हसण्यापेक्षा बरं. मग बापाने तिला स्वतःच्याच कॉलेजात मॅनेजमेंटच्या सीटवर बसवलं. पण पोरगी मान खाली घालून अभ्यासाला लागली आणि पहिल्या परीक्षेत सगळे विषय सुटले. बापाने ते ऐकलं आणि मोबाईल बघत राहिला.

एकदा जेवताना मीच विषय काढला. “व्हय रं, हिचे अडतीस धरूनबी चौऱ्याण्णव कसे आले?”

तो हसला. “आये, मॅनेजमेंटच्या सीटा सरासरीत धरायच्या नसत्यात. शेवटच्या फेरीत आलेलीबी न्हाई. वरची वरची पोरं धरायची.”

“आन कारखान्याच्या काट्यावर असं सांगशील का? गोड कांडी तेवढी तोला, बाकीचा ऊस गाडीतच न्हाई?”

“त्यो ऊस हाय. ह्ये शिक्षण हाय.”

विजयमाला वाढत होती. तिचा हात थांबला. “पप्पा, मग मला कशात धरलंय?”

“तू घरची हायस,” तो म्हणाला आणि भाकरी मागितली. त्या वेडीला ते लाडाचं बोलणं वाटलं. दोन भाकऱ्या वाढल्या.

परवा नवीन पालकांची सभा होती. रान दिलं म्हणून दर वर्षी मला शाल-नारळ देतात आणि दोन शब्द बोलायला लावतात. विजयमाला काठाची साडी नेसून ताट घेऊन स्टेजवर उभी होती. सकाळपासून खूश. कॉलेजच्या कामात बापाने पहिल्यांदा बोलावलं होतं.

हिंदुरावाचं भाषण झालं. चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव, नऊदा तरी म्हणाला असेल. मग कोथरूडचे एक गृहस्थ उठले. अंगाने काटकुळे, जीभ मात्र धार लावलेली. “अहो चेअरमनसाहेब, सरासरी उत्तम आहे. फक्त ती सगळ्यांची, की फोटोत बरे दिसतात त्यांची?”

पालक हसले. हिंदुरावही हसला.

“बरं, ते राहू द्या,” गृहस्थ म्हणाले. “आपली कन्या इथेच शिकते असं कळलं. तिला किती होते?”

हिंदुरावाने माईक घट्ट धरला. मुलगी त्याच्यापासून हाताभराच्या अंतरावर.

“आपली काहीतरी गफलत होतेय. माझी मुलगी या कॉलेजात नाही. ती बाहेरगावी असते.”

“मग या ताट घेतलेल्या?”

“या? या स्वागत समितीच्या.”

मला वाटलं, ताट पडेल. पडलं नाही. हळदीकुंकवाची वाटीसुद्धा हलली नाही. पोरगी सरळ माझ्यापुढे आली, ताट धरलं आणि परक्या बाईशी बोलावं तशी म्हणाली, “घ्या आजी, शाल.” बापाने तिला वगळलं ते एक, पण तिनेही ते कबूल करून टाकलं होतं. तिथे माझं डोकं फिरलं.

हिंदुरावाने शाल माझ्या खांद्यावर घातली, नारळ दिला, माईक पुढे केला. “आमच्या मातोश्री दोन शब्द बोलतील.”

शाल काढून मी त्याच्याच गळ्यात टाकली. नारळ ठेवून घेतला. तो कामाला येतो. माईक तोंडाशी धरला.

“हिंदुराव, दहावीला तुला तीनदा बसवला. भैरू एका दमात सुटला. तरी कुणी इचारलं, बायडाबाई, ल्योक किती, तर मी दोन सांगत आले. गाडी भरली की समदा ऊस काट्यावर, अशी माझी रीत. पण तुझी रीत लई शानी निघाली. आजपासून मीबी वरचंच धरणार. मला ल्योक एक, भैरू. ही ताटवाली माझी नात हाय, अडतीसवाली, ह्याच कालेजातली. आन बाबा, तू कोण रं? स्वागत समितीचा का?”